विंचवाचं बिऱ्हाड, कुणाच्या पाठीवर?

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण ज्याचा कुठे ठावठिकाणा नाही अशा माणसाला लावतो, आणि तीही थोडी कीव करत. पण विंचवाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं बिऱ्हाड त्याच्या स्वतःच्या पाठीवर असतं. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या आपल्यासारख्यांचं बिऱ्हाड मात्र दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी पाठीवरून जिना उतरतं आणि पुन्हा कुणाच्या तरी पाठीवरून दुसरा जिना चढतं.

या महिनाअखेरीस मी घर बदलते आहे. पुण्यात आल्यापासूनची ही पाचवी वेळ. अकरा महिन्यांचा करार, मग आणखी अकरा महिने, मग घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरतं किंवा भाडं एकदम चार हजारांनी वाढतं, आणि आपण किराणा दुकानात रिकामी खोकी मागायला उभे. पहिल्यांदा हलले तेव्हा दोन बॅगा, एक गादी आणि एक बादली होती. सगळा संसार एका रिक्षात मावला होता. आता यादी केली तर फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, टेबल, लोखंडी कपाट आणि खोकी तेवीस. राहते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

पर्याय दोन आहेत. एक, पॅकर्स अँड मूव्हर्स. त्यांनी साडेअकरा हजार सांगितले. दुसरा, अडीच हजारांचा टेम्पो, चार मित्र आणि आपले हात. हे घरच्या ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत बाबांचं उत्तर आलं : 'शनिवारी सांगलीहून निघतो. मजुरांना कशाला पैसे? आपलं आपण हलवू.'

बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यातली गादी सरकली. वाकून काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. ते त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि तरीही त्यांच्या त्या 'आपलं आपण'मध्ये असं काहीतरी होतं की मला सरळ 'नको' लिहिता आलं नाही.

पैसे, वेळ आणि तुटफूट हे या निर्णयाचं नेहमीचं गणित. ते कुणीही करू शकतं. सामान कमी असेल तर स्वतः हला, जास्त असेल तर माणसं लावा; काचेचं सामान स्वतःच्या हाताने बांधा; दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा. एवढ्याने काम भागतं. मला अडवलं ते दुसऱ्या एका प्रश्नाने. माझं ओझं दुसऱ्याने उचलणं कधी रास्त असतं? पैसे दिले की रास्त होतं? प्रेमाने उचललं की रास्त होतं? की माझं मीच उचललं तरच?

*

आधी ओझ्याबद्दलच बोलू, कारण या चर्चेत ते बहुतेक वेळा गायब असतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं वजन साठ-पासष्ट किलोच्या घरात जातं, कारण ते हलू नये म्हणून त्याच्या पोटात मुद्दाम जड ठोकळे बसवलेले असतात. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच. म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. तो दारातून स्वयंपाकघरापर्यंत सरकवताना आपली काय अवस्था होते ते आठवा. आता तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारा माणूस आठवा. तो महिन्या-दीड महिन्याने आपल्या दारात येतो, आणि आपण ओटीपी शोधत असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एक शिफारस केली होती. एका प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या वजनाची मर्यादा कुठे ५५ किलोंपेक्षा जास्त असेल, तर ती शक्य तितक्या लवकर तिथवर खाली आणावी. आपल्याकडच्या बाजारात धान्याचं पोतं एकेकाळी शंभर किलोंचं असायचं, एका क्विंटलचं. आता पन्नासचं असतं. ते आपोआप निम्मं झालेलं नाही. ते पाठीवर घेणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडून ते कमी करायला लावलं.

हे सांगायचं कारण असं की घर बदलताना आपण ओझं 'सोडवतो' असं आपल्याला वाटतं. मूव्हर्सना फोन केला, प्रश्न मिटला. पण पासष्ट किलो पासष्ट किलोच राहतात. ते फक्त कुणाच्या तरी गुडघ्यांत आणि कमरेत जातात. बाबांच्या, माझ्या मित्रांच्या, किंवा ज्यांची नावंही मला कळणार नाहीत अशा दोन-तीन मुलांच्या. आपल्या हातात ओझं नाहीसं करणं नसतं. कुणाची पाठ, हे ठरवणं असतं.

*

मित्रांना बोलवावं, हा पहिला विचार. त्यात पैसा वाचतो हे खरं, पण तेवढंच नाही. कुणीतरी आपल्यासाठी रविवार मोडून येतं, जिन्यात कपाट अडकल्यावर शिव्या घालतं, नंतर सगळे मिळून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मिसळ खातात. नव्या घराची पहिली आठवण ती असते.

या मिसळीबद्दल एक गंमत आहे. जेम्स हेमन आणि डॅन एरिली या दोन संशोधकांनी २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की एखाद्याला सोफा गाडीत चढवायला मदत हवी असेल तर लोक कितपत तयार होतील? काहींना सांगितलं की मोबदला काहीच नाही. काहींना सांगितलं अर्धा डॉलर, काहींना पाच डॉलर. फुकट मदतीची तयारी चांगली होती. अर्धा डॉलर म्हटल्यावर ती घसरली. पाच डॉलरला पुन्हा वर आली. पण पैशांऐवजी चॉकलेट देऊ केलं तेव्हा ही घसरण झाली नाही. चॉकलेट छोटं असो की मोठं. पैसे मध्ये आले की माणूस हिशेब करायला लागतो, आणि भेटवस्तू असेल तर तो मदतच करत राहतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढे २०२१ मध्ये, ज्या नियतकालिकात हा निबंध आला होता त्यानेच त्यातल्या आकडेवारीबद्दल शंका नोंदवली. त्यामुळे मी या प्रयोगावर फार भार टाकणार नाही. तशी गरजही नाही, कारण आपल्या गावांना ही गोष्ट प्रयोग न करताच ठाऊक होती. तिचं नाव इर्जिक. नांगरणी-पेरणी अंगावर आली की एखादा शेतकरी बाकीच्यांना बैल-औतासकट बोलावतो, सगळे मिळून त्याचं रान उरकून देतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही. तिचीच बहीण सावड : आज तुझ्याकडे मी, उद्या माझ्याकडे तू. जेवण आणि मजुरी यांतला फरक या पद्धतींना पक्का कळलेला होता. जेवण सांगतं की आपला हिशेब चालू आहे. मजुरी सांगते की हिशेब मिटला.

म्हणजे आपली मिसळ-पार्टी ही शहरातली इर्जिकच. मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण परतफेडीची. इर्जिकीत सगळे त्याच गावात राहतात. उद्या दुसऱ्याच्या रानात जायचंच असतं. माझ्या चार मित्रांपैकी एक पुढच्या महिन्यात बंगळुरूला चाललाय. एकीने गेल्या वर्षी घर घेतलं, ती आता वीस वर्षं हलणार नाही. तिचा पलंग उचलायची पाळी माझ्यावर येणारच नाही. म्हणजे सावड राहिली नाही, नुसतं घेणं राहिलं.

दुसरी अडचण जरा अवघड आहे. मदतीला कुणाला बोलवायचं हे आपण कसं ठरवतो? ज्यांचं लग्न झालेलं नाही, ज्यांना मूल नाही, ज्यांच्याकडे गाडी आहे, आणि जे नाही म्हणत नाहीत, अशांना. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतो. तो प्रत्येकाच्या शिफ्टिंगला असतो, प्रत्येकाच्या आजीला स्टेशनवर सोडायला असतो. आपण त्याला 'यारों का यार' म्हणतो. त्याला कधी विचारतो का, की बाबा रे, तुला खरंच यायचंय?

माझ्या टीममध्ये दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा लागला. घर बदलण्याबद्दल मी जेवताना बोलत होते, तर तो लगेच म्हणाला, "मॅडम, मी येतो की रविवारी. मला सवय आहे उचलायची." चांगला मुलगा आहे, मनापासूनच म्हणाला असेल. पण सहा महिन्यांनी त्याचा प्रोबेशनचा रिपोर्ट मी लिहिणार आहे. तो 'येतो' म्हणाला, तेव्हा त्यात मनापासून किती आणि रिपोर्ट किती, हे मला कळायला मार्ग नाही. बहुधा त्यालाही नाही. मी त्याला नको म्हटलं.

*

इथून मला बाबांच्या 'आपलं आपण'कडे जायचंय.

बाबा एका बँकेत होते. माझ्या लहानपणी त्यांच्या चार बदल्या झाल्या. चारही वेळा आम्ही 'स्वतः' हललो, हे ते आजही अभिमानाने सांगतात. हा अभिमान चिंगूसपणाचा नाही. त्यांच्या पिढीवर गांधी-विनोबांच्या श्रमाच्या विचाराचा मोठा ठसा आहे. गांधींच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत होतं : जो खातो त्याने अंगमेहनत करावी, आपलं काम दुसऱ्यावर ढकलू नये. आपलं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन मागून हात हलवत चालणं बाबांना लाजिरवाणं वाटतं. स्टेशनवर हमाल करायचा म्हटलं की ते आधीच बॅग उचलून चालायला लागतात.

हा विचार हलका समजू नये. 'मी काय तुझा हमाल आहे का?' हे वाक्य आपण सगळ्यांनी वापरलेलं आहे. एखाद्या कामाचं नावच शिवीसारखं वापरणारी भाषा आणि ते काम स्वतः करायला न लाजणारा माणूस, यांत मी माणसाच्या बाजूने आहे.

पण परवा फोनवर मी बाबांच्या त्या चार बदल्या एकेक करून विचारत गेले, तेव्हा 'स्वतः' या शब्दात बरीच माणसं निघाली. आठ-आठ दिवस आधीपासून भांडी कागदात गुंडाळणारी, डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी आणि नव्या गावात पहिल्या संध्याकाळी वरणभात शिजवणारी आई. शेजारचे काका. आणि दर वेळी त्या त्या शाखेतले शिपाईमामा, जे रविवारी 'आपणहून' यायचे.

"ते आपणहून यायचे?" मी विचारलं.

"हो मग! नको म्हटलं तरी यायचे. आणि आपण त्यांना उपाशी नाही पाठवलं कधी. पंगतीला बसवून जेवू घातलंय."

"त्यांचं घर हललं तेव्हा तुम्ही गेला होतात का उचलायला?"

बाबा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "तेव्हा असं कुणी विचारायचं नाही."

मी त्यांना दोष देत नाहीये. त्यांनी त्या मामांशी जितक्या आदराने वागायचं तितकं वागलं असणार. माझा त्यावर विश्वास आहे. पण जेवण तेच असलं तरी ही इर्जिक नव्हती. इर्जिकीत उद्या पाळी उलटते. इथे ती कधीच उलटणार नव्हती. साहेबांचं कपाट शिपाई उचलतो. शिपायाचं कपाट साहेब उचलत नाही. वरून प्रेमाची मदत दिसणाऱ्या गोष्टीत 'नाही' म्हणायची सोयच नसेल, तर तिला आपल्या भाषेत जुना शब्द आहे : वेठ.

*

वेठ हा नुसता वाक्प्रचारातला शब्द नाही. ज्या गावगाड्यात इर्जिक होती, त्याच गावगाड्यात बैल आणि जमीन असलेले लोक आपापसांत सावड करत, आणि काही जातींकडून काम हक्काने करून घेतलं जाई. महार वतनात सरकारी माणसांचं सामान वाहणं, सांगावे पोचवणं, वेळी-अवेळी हाकेला ओ देणं हे 'कर्तव्य' होतं. त्याला ना ठरलेले तास, ना रीतसर पगार. वतनदार घरात नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला बोलावलं जाई. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. पुढे राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, आणि १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की मजुरीकडे पाहायची नजर बदलते. 'पैसे आले की माणुसकी गेली' असं आपण सहज म्हणतो. पण ज्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या 'आपलेपणाने' काम करून घेतलं गेलं, त्याच्यासाठी रोख मजुरी हीच माणुसकीची सुरुवात असू शकते. रोख पैशाचा अर्थ : तुझं माझ्याकडे काही लागत नाही, माझं तुझ्याकडे काही लागत नाही, तुला दर पटला नाही तर तू नाही म्हण. बाबांना जे परकेपण वाटतं, ते समोरच्याला मोकळेपण वाटू शकतं.

आणि महाराष्ट्राने याबाबतीत एक मोठं काम करून ठेवलेलं आहे, जे आमच्या पिढीला फारसं ठाऊक नसतं. ओझी वाहणाऱ्या माणसाची खरी अडचण ही की त्याला एक मालक नसतो. सकाळी एका दुकानाचं पोतं, दुपारी दुसऱ्याचा ट्रक. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? आजारपणात कुणाकडे जायचं? १९६९ साली झालेल्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने यावर उपाय काढला. कायद्यातल्या कामांसाठी मंडळं नेमली. कामगारांची आणि काम देणाऱ्यांची, दोघांची नोंदणी मंडळाकडे. काम देणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी पाहणार. मालक बदलत राहिला तरी कामगाराचा हक्क त्याच्याबरोबर चालत राहणार. माथाडी म्हणजे माथ्यावर वाहणारा. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केलं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्यांच्या हक्कांसाठी लढे दिले आणि १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्रही उभं केलं.

यावर कुणी म्हणेल, संघटना झाल्या की दादागिरीही येते. खरं आहे. केरळात 'नोक्कुकूली' नावाचा प्रकार होता : सामान तुम्ही स्वतः उतरवलं तरी बाजूला उभं राहून नुसतं बघणाऱ्यांना पैसे द्यायचे. तिथल्या सरकारने १ मे २०१८ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्यांच्या बातम्या येतात. पण खंडणी मागणारा बहुधा पोतं उचलत नाही. त्याच्यामुळे पोतं उचलणाऱ्याचा हक्क खोटा ठरत नाही.

*

म्हणजे पैसे देऊन माणसं लावावीत, झालं? मला तसंही म्हणता येत नाही.

मूव्हर्सच्या ॲपवर मी घर निवडलं : वन बीएचके. मजला निवडला : तिसरा. वस्तूंवर टिचक्या मारल्या. खाली आकडा आला. त्या आकड्यात सगळं होतं, फक्त माणसं नव्हती. किती जण येतील? 'गरजेनुसार.' साडेअकरा हजारांतले त्यांना किती मिळतील? याला रकानाच नाही. मी जो दर मान्य करते तो माझा आणि कंपनीचा. जो दर मुलांनी मान्य केलाय तो त्यांचा आणि ठेकेदाराचा. तीन माणसांचं काम दोघांत उरकलं, तर वाचलेली मजुरी कुणाच्या खिशात जाते आणि वाचलेलं ओझं कुणाच्या पाठीवर येतं, हे माझ्या पावतीवर कधीच दिसत नाही.

मागच्या खेपेला आलेल्या मुलांपैकी एक नांदेडकडचा होता. विशीतला. मशीन पाठीवर घेण्याआधी त्याने कमरेला ओढणीसारखा एक कपडा घट्ट आवळला. मी म्हटलं, दादा, दोघं मिळून घ्या ना. तो म्हणाला, "ताई, जिन्यात दोघं मावत नाहीत. वळणावर एकालाच घ्यावं लागतं." मग विचारलं, पीएफ वगैरे काही आहे का? तो हसला. "आमचं रोजचं रोज."

१९६९च्या कायद्याने जे कोडं सोडवलं होतं, ते कोडं ॲपच्या आड तसंच्या तसं उभं आहे. मालक बदलता, पाठ तीच.

आणि हे फक्त कंपनीचं नाही. ज्या सोसायटीत मी जाणार आहे तिथल्या नोटीस बोर्डावर लिहिलंय : 'शिफ्टिंगसाठी लिफ्ट वापरू नये. सामान जिन्यानेच न्यावे.' घर पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्ट खराब होईल, ओरखडे पडतील, ही काळजी मी समजू शकते. पण जो फ्रिज लिफ्टने एका मिनिटात वर गेला असता तो एका माणसाच्या पाठीवरून पाच मजले जाणार, आणि त्या नियमाची किंमत नियम करणाऱ्यांपैकी कुणीच मोजणार नाही. मीही नाही. मी आधीच पॅकेजचे पैसे भरलेले असतील. माझ्या दृष्टीने जिना आणि लिफ्ट यांचा दर सारखाच.

पैशाने हिशेब मिटतो, असं मी वर म्हटलं. त्यातली मेख ही. पैशाने माझा हिशेब मिटतो. त्यामुळे बघायची गरजही मिटते. वेठीत बघूनही कुणी विचारत नव्हतं. पॅकेजमध्ये बघावंच लागत नाही.

*

मला जे पटलं ते एवढंच. स्वतः, मित्र की मूव्हर्स, ही निवड मुळात नैतिक नाही. तिन्हींत चांगलं वागता येतं आणि तिन्हींत दुसऱ्याला भरडता येतं. 'स्वतः'मध्ये आई आणि शिपाईमामा लपतात, 'मित्र'मध्ये नाही म्हणू न शकणारा लपतो, 'पॅकेज'मध्ये नांदेडचा मुलगा लपतो. प्रश्न विचारायचे ते वेगळे. ज्याच्या पाठीवर मी ओझं देते आहे त्याला 'नाही' म्हणता येतं का? म्हटलं तर त्याचं काही बिघडेल का? त्याच्या वाट्याला जे येतंय ते मला माहीत आहे का? आणि त्याच्यापर्यंत जाण्याआधी ते ओझं मी किती कमी केलं?

शेवटचा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो, आणि खरं तर तोच सगळ्यात जास्त आपल्या हातात असतो. म्हणून पहिल्यांदा मी यादी छाटायला बसले. तेवीस खोक्यांची सोळा झाली. लोखंडी कपाट खालच्या मजल्यावरच्या काकूंना हवं होतं, ते त्यांना दिलं. पुस्तकं मोठ्या खोक्यांत भरली की एकेक खोकं तीस किलोंचं होतं. ती छोट्या खोक्यांत भरली, एका हाताने उचलता येतील इतकीच. ती मी स्वतः रोज संध्याकाळी चार-चार करत स्कूटीवरून नेते आहे.

जड सामानासाठी माणसं लावणार. ॲपवरून नाही. आमच्या चौकात टेम्पो लावून उभ्या असणाऱ्या एका गाडीवाल्याशी बोलले. चार माणसं लागतील, माणशी रोज किती, जिन्याचे वेगळे किती, हे समोरासमोर ठरलं, आणि पैसे चौघांच्या हातात वेगवेगळे द्यायचे असंही. हे ॲपपेक्षा दीड हजारांनी महाग पडतंय. त्यांनाही पीएफ नाही, हे मला माहीत आहे. एका रविवारच्या मजुरीने मी तो देऊ शकत नाही. ते काम कायद्याचं आहे, आणि तो कायदा अशा कामांपर्यंत पोचावा म्हणून बोलत राहणं हे माझं आहे.

मित्रांना उचलायला बोलावलेलं नाही. दुसऱ्या दिवशी खोकी उघडायला बोलावलंय. ज्याला जमेल त्याने यावं, मिसळ नक्की आहे. टीममधल्या मुलालाही त्या ग्रुपवर घातलं नाही. त्याचं प्रोबेशन संपू दे, मग जेवायला बोलवीन.

बाबांना समजावणं सगळ्यात कठीण गेलं. 'तुमची कमर दुखेल' म्हटलं असतं तर ते हट्टाने आले असते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, उचलणाऱ्यांशी मला नीट बोलता येत नाही. कुणी दमलं तर थांबवायला, पाणी द्यायला, घाई करू नका म्हणायला मोठं माणूस पाहिजे." ही काही समजूत काढण्यासाठी सांगितलेली थाप नव्हती, ते काम खरंच कुणीतरी करायला हवं असतं. ते म्हणाले, "बरं. आणि दूध उतू घालवायला आईला घेऊन येतो."

राहिली लिफ्ट. नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी पत्र लिहिलंय. लिफ्टला आतून जुन्या गाद्या आणि पुठ्ठे मी लावून देईन, वजनाच्या मर्यादेतच सामान नेऊ, सकाळी दहा ते बारा एवढ्याच वेळात नेऊ, ओरखडा पडला तर खर्च माझा. कृपया सामान आणि सामान आणणारी माणसं, दोघांनाही लिफ्ट वापरू द्यावी. अजून उत्तर आलेलं नाही. तिथे माझी ओळख होण्याआधीच मी 'कटकटी भाडेकरू' झाले असण्याची शक्यता आहे. उद्या संध्याकाळी कमिटीची बैठक आहे, आणि मी तिथे जाऊन बसणार आहे.